चौथा रकाना

अक्का,

परवा धुळ्यात देवपुरातल्या शाळेच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. तिथे एका साहेबांनी माइक हातात धरून सांगितलं, की सुमनसिस्टरांनी उभ्या नोकरीत एकही चूक केली नाही. समोर बसलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. तुमच्या फोटोचा हार पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. मी तिसऱ्या रांगेत दात आवळून बसलो होतो.

हे तेच साहेब, अक्का. जिल्ह्याच्या ऑफिसातून तुमच्या नावानं कारणे दाखवा नोटीस काढणारे, तुमच्या सेवापुस्तकात ठपका ठेवणारे, पिंपळनेरच्या पुढच्या तुमच्या आरोग्य केंद्रातून उचलून तुम्हाला सातपुड्याच्या पार टोकाला टाकणारे. आता निवृत्त झालेत, केस पिकलेत, आवाज मात्र तसाच. उचलली जीभ लावली टाळ्याला. एकही चूक केली नाही म्हणे! तुम्ही असतात तर पदर खोचून उभ्या राहिल्या असतात आणि विचारलं असतंत, 'साहेब, चुका वहीत लिहिल्यात, वाचून दाखवू का?' आणि खरंच वाचून दाखवल्या असत्यात.

त्यांच्यावर मला राग आहे. पण परवापासून मला जो राग आलाय तो त्यांच्यापाशी थांबत नाही. तो तुमच्यापर्यंत येतो, आणि तिथून वळून माझ्याकडे येतो. म्हणून हे लिहायला बसलोय.

कॉलेजात नवानवा लागलो होतो तेव्हाची गोष्ट. पीएच.डी. केल्याशिवाय पुढे सरकता येणार नव्हतं. विषय घेतला होता आरोग्य केंद्रातल्या माणसांचा. सरकारचं धोरण मुंबईत ठरतं: प्रत्येक गावातल्या प्रत्येक पोराला लस. ते धोरण गावात नेणार कोण, तर एक डॉक्टर, एक सिस्टर, एक आरोग्यसेवक, एक ड्रायव्हर आणि एक शिपाई. कागदावर त्यांना 'टीम' म्हणायचे. ही माणसं खरंच एकत्र काम करतात का, आणि एका केंद्रात करतात तर दुसऱ्यात का करत नाहीत, हे मला शोधायचं होतं. विषय चांगला होता, अक्का. आजही म्हणतो, चांगला होता.

बाकीच्या केंद्रांत मी काय पाहिलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. कुठे डॉक्टर धुळ्यात राहायचे आणि महिन्यातून दोनदा सही करायला यायचे. कुठे सिस्टर आणि आरोग्यसेवक एकमेकांशी शिपायामार्फत बोलायचे. आणि सगळीकडे रजिस्टरं मात्र स्वच्छ. 'लस वाया गेली का?' निरंक. 'औषध चुकलं का?' निरंक. सगळं कसं झाकपाक.

तुमच्याकडे आलो तर तुम्ही कपाटातून दोनशे पानी वही काढून माझ्यासमोर ठेवलीत. पुठ्ठ्यावर तुमच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'चुका'. मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. आत रुळानं आखलेले तीन रकाने: काय चुकलं, कसं कळलं, आता काय करायचं. बस. सुया नीट उकळल्या नव्हत्या, नर्सक्वार्टरमधल्या स्टोव्हची वात संपली होती. गोळ्यांच्या दोन बरण्यांवरच्या चिठ्ठ्या उलटसुलट लागल्या होत्या. जीप भलत्याच पाड्यावर गेली आणि लसीसाठी आलेल्या बाया दुपारभर झाडाखाली बसून राहिल्या. सगळं लिहिलेलं.

"हे वरच्या ऑफिसला कळतं?" मी विचारलं.

"त्यांना त्यांचं रजिस्टर आहे, भाऊ," तुम्ही म्हणालात. "ही आमची वही आहे."

मग तुम्ही सोमवारच्या चहाचं सांगितलंत. दर सोमवारी ओपीडी उघडायच्या आधी पाचही जण व्हरांड्याच्या पायरीवर बसायचे. तुम्ही स्टोव्हवर चहा ठेवायचात. आठवड्यात आपल्या हातून काय चुकलं ते ज्यानं त्यानं सांगायचं, आणि जो चूक सांगेल त्याला चहाचा पहिला कप. डॉक्टर असो की शिपाई. कोणाकडे सांगण्यासारखं नसलं तर त्या दिवशी चहा उशिरा व्हायचा. "मग आठवतं लोकांना," असं म्हणालात तेव्हा मात्र तुम्ही हसलात.

मला त्या चहाला बसायचं होतं. अभ्यासकाला याहून मोठं घबाड काय मिळणार! पण तुम्ही साफ नाही म्हणालात. "वही वाचा, आमच्याबरोबर पाड्यांवर हिंडा, पण सोमवारी पायरीवर नको. तुम्ही बसलात की बोलणं बदलेल." मला राग आला होता. मी परका का? दोन वर्षं मी दर पंधरवड्याला तुमच्या केंद्रावर येत होतो, तुमच्या हातची भाकरी खात होतो, आणि सोमवारी मला रस्त्यापलीकडच्या बाभळीखाली उभं राहावं लागायचं. तिथून बोलणं ऐकू येत नसे. दिसायचं मात्र सगळं. कधी पहिला कप डॉक्टरांच्या हातात जायचा, कधी ड्रायव्हरच्या, कधी लोटनच्या. लोटन म्हणजे तुमचा शिपाई, सडपातळ, कायम कानाला मफलर. पहिला कप मिळाला की तो दोन्ही हातांनी धरायचा.

आता तुमच्या-माझ्या भांडणाकडे येतो. ते मिटलं असं मी समजत होतो.

विद्यापीठातले माझे मार्गदर्शक म्हणाले, वही रंजक आहे, पण चूक कोणाकडून होते ते कळल्याशिवाय विश्लेषण कसलं? मलाही पटलं. धुळ्यात येऊन मी तक्ते सायक्लोस्टाइल करून घेतले. तुमचे तीन रकाने होतेच. शेजारी मी चौथा टाकला: कोणाकडून. गठ्ठा घेऊन तुमच्याकडे आलो. प्रत्येक केंद्रानं महिन्याच्या महिन्याला भरून द्यायचे होते.

तुम्ही चौथ्या रकान्यावर बोट ठेवलंत. "भाऊ, हा चौथा रकाना नको."

"नाव नाही मागत, अक्का. फक्त हुद्दा लिहायचा."

"केंद्रात सिस्टर एक, शिपाई एक, डॉक्टर एक. हुद्दा लिहिला काय अन नाव लिहिलं काय?"

"शास्त्राला लागतं ते."

"शास्त्राला काय चुकलं ते लागतं. कोणाचं चुकलं ते पोलिसाला लागतं."

मी हसून वेळ मारून नेली. तुम्हाला पटवायला गोपनीयतेवर एक छोटं भाषणही दिलं. प्रबंधात तुमच्या केंद्राचं नाव येणार नाही, 'केंद्र क्रमांक चार' असं येईल, म्हणालो. तुम्ही कागदांचा गठ्ठा कपाटात ठेवलात आणि म्हणालात, "ठीक आहे, भरून देते. तुमचं शिक्षण अडायला नको." केवढे उपकार वाटले होते मला तेव्हा! बाकीच्या केंद्रांचे तक्ते कोरे यायचे. तुमचे भरलेले. चौथ्या रकान्यातही हयगय नाही.

त्याच पावसाळ्याच्या शेवटी ते पोलिओच्या डोसांचं झालं. मी गुरुवारी पोचलो तर केंद्रात धावपळ. फ्रिज रॉकेलवर चालायचा, त्यातलं रॉकेल संपलं होतं, दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि त्याच लसीचे डोस पाड्यांवर पाजून झाले होते. दुसऱ्या कुठल्याही केंद्रात ही गोष्ट फ्रिजच्या मागे ढकलून दिली असती. पोरांना अपाय तर झाला नव्हता. लस लागू पडणार नव्हती, एवढंच. कोण बघायला बसलंय? तुम्ही धुळ्याहून नवी लस मागवून घेतलीत, डबा खांद्याला लावलात आणि मला म्हणालात, "चला."

तीन दिवस तुमच्यामागे मी पाडे तुडवले. प्रत्येक दारात तुम्ही अहिराणीत एकच वाक्य बोलत होतात: "मागला डोस वाया गया, आमनाकडथून चूक व्हयनी, परत पाजनं पडी." मला वाटलं होतं, लोक अंगावर येतील. एका घरी तर एक आजीबाई नातवाला उराशी धरून तुमच्याकडे रोखून बघत राहिली. मग ती म्हणाली, "चूक व्हयनी ते कोन सांगस वं माय? तू सांगाले उनी. मंग तूच पाज." आणि पोराचं तोंड तिनं स्वतःच्या बोटानं उघडलं.

परतताना तुमच्या चपलेचा पट्टा तुटला होता. तुम्ही एक चप्पल हातात धरून चालत होतात. मी विचारलं, "रॉकेल भरायचं काम तुमचं होतं का, अक्का?" तुम्ही म्हणालात, "केंद्राचं होतं." महिनाअखेरीस तक्ता आला. चौथ्या रकान्यात लिहिलं होतं, 'परिचारिका'. मला तुमचा अभिमान वाटला. बघा, किती प्रामाणिक बाई, असं मी बायकोलाही सांगितलं.

पुढचं सगळं या एका शब्दानं झालं. तुमच्या तक्त्यांत सगळीकडे तो एकच शब्द होता. मी तो मोजला, टेबल केलं, प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात छापलं. मजकुरात मी कळवळून लिहिलं होतं, की क्रमांक चारच्या केंद्रात चुका जास्त दिसतात याचं कारण तिथे त्या सांगितल्या जातात, आणि हेच चांगल्या टीमचं लक्षण आहे. पण त्याखाली मीच दुसरं वाक्यही लिहिलं होतं: नोंदलेल्या चुका प्रामुख्यानं परिचारिकांकडून होतात, सबब त्यांच्या प्रशिक्षणाकडे धोरणाने विशेष लक्ष द्यावे. 'सबब' लिहिताना मला फार भारी वाटलं होतं.

परवानगीच्या अटीप्रमाणे प्रबंधाची एक प्रत साहेबांच्या ऑफिसात गेली. साहेबांनी मजकूर कशाला वाचावा? त्यांनी टेबल पाहिलं. क्रमांक चार म्हणजे कुठलं केंद्र हे त्यांना कळायला किती वेळ लागणार? जिल्ह्यात असे तक्ते भरून देणारं केंद्र होतंच एक. ज्यांची रजिस्टरं निरंक ते सगळे उत्तम, आणि तुम्ही सगळ्यांत वाईट! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. नोटीस आली, ठपका आला, बदली आली. मी धावत साहेबांकडे गेलो, प्रबंधातलं पान उघडून दाखवलं. ते म्हणाले, "प्राध्यापक, आकडे तुमचेच आहेत ना?" मी म्हणालो, "हो, पण..." 'पण'च्या पुढे त्यांनी मला बोलू दिलं नाही, आणि मीही फार जोर केला नाही. माझी मौखिक परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, अक्का. आज सांगतो.

तुम्ही गेल्यावर त्या केंद्रातला सोमवारचा चहा बंद पडला. पुढच्या वर्षी त्यांचंही रजिस्टर निरंक आलं आणि ऑफिसच्या अहवालात लिहिलं गेलं, 'केंद्राच्या कामात लक्षणीय सुधारणा'. तो अहवाल मी वाचला तेव्हा माझ्या नावामागे 'डॉ.' लागलं होतं.

तुम्ही मात्र माझ्याशी कधी कडू बोलला नाहीत. सातपुड्यातून पोस्टकार्डं यायची. 'इथे फ्रिज चांगला आहे. माणसं अजून बोलत नाहीत, बोलतील.' निवृत्तीनंतर तुम्ही जळगावला मुलाकडे आलात. त्याची पाइपच्या कारखान्यात नोकरी. मागच्या दिवाळीनंतर मी भेटायला आलो ती आपली शेवटची भेट. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात, हात काटकीसारखे झाले होते. एकदम विचारलंत, "भाऊ, तुमचा प्रबंध अजून लायब्ररीत आहे का?"

"आहे की," मी म्हणालो. आणि वर फुशारकीनं सांगितलं, "नव्या सिस्टरांच्या ट्रेनिंगमध्ये माझं टेबल अजून दाखवतात."

तुम्ही पाठीमागची उशी सारखी केलीत. मग म्हणालात, "त्यात एक दुरुस्ती राहिलीय."

"कोणती?"

तेवढ्यात सूनबाई ताटं घेऊन आल्या. "आधी जेवून घ्या," तुम्ही म्हणालात. जेवण झालं, धुळ्याच्या गाडीची वेळ झाली, मी रिक्षात बसलो. मला वाटलं, शुद्धलेखनाचं काही असेल. पारोळ्यापर्यंत मी ते विसरूनही गेलो होतो.

परवा साहेबांचं भाषण ऐकवेना म्हणून मी हॉलबाहेर आलो. मागोमाग लोटन आला. तोच मफलर, आता पांढरी दाढी. आम्ही समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बाकावर बसलो.

"भाऊ, साहेब खोटं बोलना," तो म्हणाला. "अक्कानी चुका कयात. पन तुमना कागदवर ज्या शेतस, त्या बठ्ठ्या तिन्या नहीत."

"म्हणजे?"

"फ्रिजमा रॉकेल भरानं काम मनं व्हतं. मी बहीनना घर लगीनले गयेल व्हतू. सोमवारले मी पायरीवर सांगं. पहिला कप माले भेटना. मंग मी इचारं, अक्का, भाऊना कागदवर काय लिखशात? ती म्हने, तू चहा पी." त्यानं मफलरनं डोळे पुसले. "रोजंदारीवर व्हतू मी तव्हय. कागदवर 'शिपाई' उनं असतं ते माले घर बसाडी देतात. डॉक्टरनी बी एक व्हती, ड्रायव्हरनी बी. बठ्ठ्या तिनी सोतावर लिध्यात. ती गयी तव्हय मी सांगाले जाऊ व्हतू, तिनीच शप्पथ घाली. आते मागला महिनाले रिटायर व्हयनू, म्हनीसन सांगस."

म्हणजे सगळ्यांच्या चुका तुम्ही स्वतःवर घेतल्या होत्यात, अक्का. दोन वर्षं बाभळीखाली उभा राहून मी पहिला कप दर वेळी वेगळ्या हातात जाताना बघत होतो. चूक सांगेल त्याला पहिला कप, हा नियम तुम्हीच मला सांगितला होतात. आणि माझ्या पिशवीतल्या तक्त्यावर दर वेळी लिहिलेलं असायचं, परिचारिका. दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून बघायला पीएच.डी. लागत नाही. लोटनला विचारलं असतं तरी पुरलं असतं.

आणि तुम्ही! तुमच्यावरही मी संतापलोय, ऐकून घ्या. ज्या बाईनं पाड्यापाड्यावर जाऊन 'आमची चूक झाली' म्हणून सांगितलं, तिनं माझ्या कागदावर खोटं का लिहावं? तुमच्या तीन रकान्यांत एक अक्षर खोटं नव्हतं, आणि माझ्या एका रकान्यात एक अक्षर खरं नव्हतं. मला सांगायचं होतंत, भाऊ, तुमचा कागद चुलीत घाला. भांडायचं होतंत. मी ऐकलं नसतं, हे खरं. तरी भांडायचं होतंत. तुम्ही 'तुमचं शिक्षण अडायला नको' म्हणालात, माझं शिक्षण अडलं नाही, आणि सगळा भार तुम्ही एकटीनं सातपुड्यात वाहून नेलात. तुमच्या सेवापुस्तकात तो ठपका आजही आहे. कुठल्यातरी वर्गात आज, आत्ता, वीस वर्षांच्या मुली माझं टेबल उतरवून घेत असतील आणि शिकत असतील, की चुका होतात त्या आपल्याकडूनच.

टपरीवाल्यानं एकच कप आधी आणून ठेवला, दुसरा मागून येत होता. लोटननं हात लावला नाही, सवयीनं थांबला. मी तो त्याच्यापुढे सरकवला. त्यानं दोन्ही हातांनी धरला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "अन तुमनी?"

"माझी काय?"

"चूक."

माझा कप आला, गार झाला, मी उठलो.

याला दोन दिवस झाले. भीती वाटते, अक्का, खोटं कशाला सांगू? पदवीचं काय होईल, कॉलेजात लोक काय म्हणतील, पुढच्या वर्षी माझ्याकडे विभाग येणार आहे त्याचं काय. काल मला घरात येरझाऱ्या घालताना बघून बायकोनं विचारलं, काय झालं? तिला सगळं सांगितलं. ती उठली, चहा टाकला आणि तिच्या आधी मला दिला. तिला तुमचा नियम ठाऊक नव्हता. मी तेवढ्यानं ढसाढसा रडलो.

आज सकाळी विद्यापीठाला पत्र लिहिलं. त्याचीच प्रत आरोग्य खात्याला, तुमच्या सेवापुस्तकातला ठपका काढावा या मागणीसह. लोटन सही करायला देवपुरात माझ्या घरी आला होता, त्यानं ठळक अक्षरांत केली. पत्रासाठी मी दुसरा नमुना शोधला नाही. फूटपट्टी घेऊन तुमचे तीन रकाने आखले. काय चुकलं: चौथ्या प्रकरणाचा निष्कर्ष खोटा आहे. कसं कळलं: लोटननं आपणहून सांगितलं, मी कधी विचारलं नव्हतं. आता काय करायचं: टेबल मागे घ्यायचं आणि प्रत्येक ट्रेनिंग सेंटरला तसं लेखी कळवायचं.

शेवटी, फक्त या एका वेळेपुरता, तुम्हाला नको असलेला तो चौथा रकानाही आखला. कोणाकडून. त्यात हुद्दा लिहिलेला नाही, अक्का. माझं पूर्ण नाव लिहिलं आहे.